कुत्र्याची जांभई आणि पदवीचा अभ्यासक्रम

प्राण्यांच्या मदतीने केल्या जाणाऱ्या उपचारांचा विषय पदवीच्या वर्गात शिकवावा का, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, विषय अजून कच्चा आहे, त्याला विद्यापीठात आणणं म्हणजे प्राणिप्रेमाच्या हौसेवर पदवीचा शिक्का मारणं. दुसरी बाजू म्हणते, मागणी आहे, मुलांना आवड आहे, तर तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम काढा आणि बाहेर पडणाऱ्याला ‘प्राणी-उपचारक’ म्हणून कामाला लागू द्या. आम्हाला दोन्ही पटत नाही. हा विषय पदवीलाच शिकवायला हवा, पण त्यातून उपचारक घडवण्याची घाई करू नये. समोरचा प्राणी काय सांगतोय ते वाचणं, आणि तो ‘नको’ म्हणाला की माणसांना कितीही रस असला तरी काम थांबवणं, हे या विषयाचं मूळ आहे. ते पदवीच्या वयात नीट शिकता येतं. पुढे व्यवसायात पडल्यावर शिकायला गेलं, तर जडलेल्या सवयी आड येतात.

एक दृश्य घ्या. दहा वर्षांची मुलगी सतरंजीवर बसली आहे आणि एक लॅब्रॅडॉर तिच्या मांडीवर डोकं टेकून पडला आहे. ती त्याच्या मानेवरून हात फिरवतेय, हसतेय. खोलीतली सगळी मोठी माणसं मुलीकडे पाहतायत. कुत्रा जांभई देतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘बघा, किती निवांत झालाय!’ आता तेच अर्धं मिनिट कुत्र्याकडे पाहून पुन्हा बघा. मघाशी सैल उघडं असलेलं तोंड मिटलंय. समोर खाऊ नसताना जीभ दोनदा नाकापर्यंत जाऊन आली. कान मागे चिकटलेत. डोकं मांडीवरच आहे, पण डोळे दाराकडे वळलेत, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसतेय. आणि मग ती जांभई. एकटी जांभई काहीच सिद्ध करत नाही, झोपेतून उठलेला कुत्राही जांभई देतो. पण या खुणा एकापाठोपाठ आल्या की अर्थ सरळ आहे: मला जरा लांब जाऊ द्या. हे कोणी ऐकलं नाही तर अंग ताठ होतं, मग गुरगुर, मग हवेत दात वाजवणं, आणि शेवटी चावा. ज्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल वारंवार ओरडा बसलाय, तो मधली पायरी गाळायला शिकतो. ‘काही कारण नसताना चावला’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, त्याने बहुतेक वेळा कारण आधी सांगितलेलं असतं आणि ते कोणी पाहिलेलं नसतं.

हे पाहणं उपजत येत नाही. घरात आयुष्यभर कुत्रा असणाऱ्यालाही येईलच असं नाही. म्हणून पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमधले पहिले पाच आठवडे वर्गात एकही जिवंत प्राणी आणू नये. चित्रफिती दाखवाव्यात, त्याही आवाज बंद करून. आवाज असला की फितीतला माणूस ‘खूश आहे तो’ म्हणतो आणि ते वाक्य विद्यार्थ्याच्या डोळ्यांचा ताबा घेतं. पहिल्या दोन-तीन तासिकांना तर पडद्यावरचा माणसाचा भाग कागदाची पट्टी लावून झाकून टाकावा. हसरा चेहरा चौकटीत असला की नजर तिकडेच जाते, कुत्र्याच्या ओठांकडे कोणी बघत नाही.

त्यानंतर वर्तनसूची बनवायची. तिच्यात ‘ताणात आहे’, ‘कंटाळला’, ‘प्रेम करतोय’ असे शब्द चालत नाहीत. जे डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं: ‘समोर अन्न नसताना जीभ ओठांवरून किंवा नाकावरून फिरली’, ‘पुढचा एक पाय जमिनीपासून उचलून धरला’, ‘अंग ओलं नसताना पूर्ण शरीर झटकलं’. ‘शेपटी हलवली’ ही नोंद अपुरी आहे. शेपटी कोणत्या उंचीवर होती, कंबरेसकट सैल हलत होती की ताठ उभी राहून टोकाशी थरथरत होती, हे लिहिल्याशिवाय नोंद निरुपयोगी, कारण या दोन्हींचे अर्थ जवळपास उलटे आहेत.

मग दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता तीच दहा मिनिटांची फीत पाहायची आणि दर दहा सेकंदांनी एक नोंद करायची. एकूण ६० नोंदी होतात. समजा ‘जीभ फिरवली’ या खुणेबद्दल दोघांचं ५४ ठिकाणी जुळलं. ९० टक्के! वर्ग खूश होतो. पण आता आतले आकडे पाहा. ५२ ठिकाणी दोघांनीही ‘नाही’ लिहिलं, ‘हो’वर दोघांचं फक्त २ ठिकाणी जुळलं, आणि उरलेल्या ६ ठिकाणी एकाचं हो तर दुसऱ्याचं नाही, दोघांच्या वाट्याला तीन-तीन. खूण मुळात क्वचित दिसणारी असल्यामुळे डोळे झाकून ‘नाही, नाही’ लिहीत गेलं तरी बहुतेक ठिकाणी जुळणारच. योगायोगाने जुळण्याचा हा हिस्सा वजा करून जो निर्देशांक काढतात, त्याला कप्पा (kappa) म्हणतात; पूर्ण जुळणीला तो १ असतो. या उदाहरणात तो साधारण ०.३५ येतो, म्हणजे जुळणी कच्ची. मग मतभेदाच्या सहा जागा पाव वेगाने पुन्हा पाहायच्या. बहुधा दोष डोळ्यांत नसून व्याख्येत सापडतो: एकाने जिभेचं नुसतं टोक दिसलं तरी धरलं, दुसऱ्याने पूर्ण चाटणं झालं तरच. व्याख्या सुधारायची, नवी फीत घ्यायची, पुन्हा मोजायचं. आमच्या मते कप्पा ०.७ च्या वर टिकून राहीपर्यंत विद्यार्थ्याने प्राणी असलेल्या खोलीत पाऊल टाकू नये. हे कंटाळवाणं आहे हे मान्य. पण जी खूण दोन प्रशिक्षित माणसांना सारखी दिसत नाही, तिच्या भरवशावर सत्र चालवणं ही प्राण्याची आणि रुग्णाची दोघांचीही फसवणूक आहे.

सशाच्या बाबतीत ही चूक आणखी महागात पडते. सशाला उताणं धरलं की तो निपचित पडतो आणि लोक म्हणतात, गुंगला, शांत झाला. ते शांत होणं नव्हे. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो शेवटचा बचाव आहे, पकडलं गेल्यावर हालचाल बंद करणं. भीतीने गोठलेल्या जनावरावरून मूल हात फिरवत असतं आणि आपण त्या क्षणाला उपचार म्हणत असतो. सशाला उचलणंही धोक्याचं, कारण त्याचा सांगाडा हलका आणि मागचे पाय फार ताकदीचे. अर्धवट धरलेला ससा जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्याने त्याच्याच कंबरेचा मणका मोडू शकतो. म्हणून ससा असेल तर माणसाने जमिनीवर बसायचं, सशाला दोन तोंडं असलेली लपायची पेटी द्यायची आणि बाहेर यायचं की नाही हे त्याच्यावर सोडायचं. तो वीस मिनिटं पेटीतच बसला, तर ‘सशाला आज यायचं नाही’ हेच त्या दिवसाचं सत्र. ज्या मुलाला दुसऱ्याची मर्जी ओळखायला शिकवायचं आहे, त्याच्यासाठी ही वीस मिनिटं फुकट गेलेली नसतात.

घोड्याकडे पाहण्याची तऱ्हा आणखी वेगळी. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना मान वळवून मागे बघणं, डोळ्याच्या वरच्या बाजूला पडलेली ओढ, आवळलेली हनुवटी, माशी नसताना शेपटीचे फटकारे, या खुणा स्वार चढायच्या आधीच दिसतात. घोड्याच्या चालीचा उपयोग करणाऱ्या फिजिओथेरपीत घोड्याला धरून चालणारा एक आणि रुग्णाच्या दोन्ही बाजूंना एकेक अशी तीन माणसं लागू शकतात. तिघांचं लक्ष रुग्णावर गेलं, तर घोड्याचा चेहरा कोणीच पाहत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला चौथं माणूस म्हणून तिथे उभं करावं, हातात फक्त नोंदतक्ता देऊन. त्याच्याकडून याहून उपयोगी काम दुसरं नाही.

प्राणीही आपल्याला वाचत असतात, आणि हेही अभ्यासक्रमात यायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘चतुर हान्स’ नावाच्या घोड्याने खळबळ उडवली होती. बेरजा-वजाबाक्या विचारल्या की तो खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये काळजीपूर्वक तपासणी केली, तेव्हा उलगडलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं आणि अंग नकळत किंचित हलायचं आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. मानसशास्त्राचे विद्यार्थी ही गोष्ट संशोधनातल्या पूर्वग्रहाचं उदाहरण म्हणून शिकतात. इथे तिचा दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. हॅन्डलरच्या, म्हणजे कुत्र्याला सत्रात सांभाळणाऱ्याच्या, हातातला पट्टा आवळला गेला, श्वास रोखला गेला, तर कुत्र्याला ते पोचतं. घाबरलेल्या विद्यार्थ्याबरोबरचा कुत्रा घाबरट दिसला, म्हणून तो कुत्रा नापास होत नाही.

आता शब्दांचा घोळ. या विषयात सर्वांत जास्त नुकसान त्याने होतं. या क्षेत्रातल्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘आयाहायो’ने, २०१४ मध्ये श्वेतपत्रिका काढून व्याख्या ठरवल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्यानुसार ‘उपचार’ म्हणायचं तर ठरलेलं उद्दिष्ट हवं, आखलेली सत्रं हवीत, आरोग्य, शिक्षण किंवा समाजकार्य यांतल्या प्रशिक्षित व्यावसायिकाने आपल्या व्यवसायाच्या कक्षेत राहून ती घ्यायला हवीत, आणि प्रगतीचं मोजमाप व नोंद हवी. वॉर्डात फेरी मारणारा कुत्रा, परीक्षेच्या दिवसांत महाविद्यालयात आणलेली पिल्लं, हे ‘उपक्रम’ झाले. त्याने बरं वाटतं, ते वाईटही नाहीत, पण ते उपचार नाहीत. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा तर तिसरीच गोष्ट, तो एका माणसाच्या अपंगत्वासाठी काम करतो. हे तिन्ही एकाच शब्दाखाली खपवले, की पालक उपचाराचे पैसे भरतात आणि मुलाला मिळते ती भेट. तीच श्वेतपत्रिका म्हणते की या कामात पाळीव झालेल्या जातीच घ्याव्यात, माणसाळवलेले वन्य प्राणीसुद्धा नाहीत. डॉल्फिनबरोबर पोहण्याला ‘उपचार’ म्हणून विकणाऱ्यांच्या दाव्यांतली पद्धतशास्त्रीय भगदाडं लोरी मारिनो आणि स्कॉट लिलियनफेल्ड यांनी १९९८ आणि २००७ मध्ये दाखवून दिली. तरी ती विक्री थांबलेली नाही.

व्याख्या पाठ करून उपयोग नाही, उद्दिष्ट लिहिता यायला हवं. ‘मुलाचा आत्मविश्वास वाढावा’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा. ‘चार आठवड्यांच्या अखेरीस, तीस मिनिटांच्या सत्रात, मोठ्या माणसाने आठवण न करता मूल कुत्र्याला दोन शब्दांची सूचना किमान पाच वेळा देईल’ हे उद्दिष्ट, कारण आज ते किती वेळा देतं हे मोजता येतं आणि पुढच्या महिन्यातही मोजता येईल. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारता आला पाहिजे: याला कुत्रा कशाला लागतो? खेळण्यातल्या गाडीला सूचना देऊन हेच साधत असेल, तर कुत्र्याला घरी राहू द्यावं. या प्रश्नाचं उत्तर ज्याला लिहिता येत नाही, त्याने सत्राचा आराखडा लिहूच नये.

इथेच स्वतंत्र पदवीविरुद्धचा आमचा मुद्दा येतो. बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपला कुत्रा जिंगल्स याच्या उपस्थितीत मुलं कशी खुलतात, यावर १९६२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि आधुनिक काळात या क्षेत्राची सुरुवात तिथून मोजतात. लेव्हिन्सन आधी मानसशास्त्रज्ञ होते. मुलाचं न बोलणं म्हणजे काय, त्यामागे कोणकोणती कारणं असू शकतात, हे त्यांना कुत्र्याशिवायही माहीत होतं. प्राणी हे तज्ज्ञाच्या हातातलं एक माध्यम आहे. तज्ज्ञपण त्यातून येत नाही. ज्याला नैराश्य आणि शोक यांतला फरक कळत नाही, त्याच्या बाजूला कुत्रा बसवल्याने तो कळू लागत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला घोड्यावर बसवण्याआधी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल आहे का, याची वैद्यकीय तपासणी लागते. हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला पटकन उमगतं. फक्त ‘प्राणी-उपचार’ शिकलेल्याला तो यादीतला एक नियम वाटतो, आणि नियम घाईत विसरले जातात. म्हणून मानसशास्त्र, फिजिओथेरपी, नर्सिंग, समाजकार्य, पशुवैद्यक, विशेष शिक्षण यांपैकी एक मुख्य पदवी, आणि सोबत हा विषय एक-दोन सेमिस्टर. प्रमाणपत्रावर ‘उपचारक’ हा शब्दच नसावा.

आता पुरावा. ‘ज्या विषयाचा पुरावा कमकुवत, तो शिकवता कशाला?’ असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर आहे की नेमका त्यासाठीच शिकवा. संशोधन वाचायला शिकण्यासाठी याहून चांगलं रान मिळणार नाही, कारण इथे प्रत्येकाला निष्कर्ष आधीच आवडलेला असतो.

१९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारातून बाहेर पडलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा प्रसिद्ध केला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही फरक टिकला. हा आकडा तेव्हापासून असंख्य भाषणांत फिरतोय. पण कोणाला प्राणी मिळावा हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांनी प्राणी पाळले ते आधीपासूनच काही बाबतीत वेगळे असतील, आणि ती बाब मोजली गेली नसेल. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी हृदयरुग्णांवरच असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाळीव प्राणी असलेल्यांमध्ये, विशेषतः मांजर असलेल्यांमध्ये, मृत्यू किंवा पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे दोन्ही निबंध एकाच आठवड्यात वाचायला लावावेत. पहिल्यावर टाळ्या आणि दुसऱ्यावर शंका घेणारा विद्यार्थी स्वतःच्या कलाला पकडतो, आणि असं पकडलं जाणं दहा व्याख्यानांच्या तोडीचं आहे. शिवाय हे दोन्ही अभ्यास प्राणी पाळण्याचे आहेत, उपचाराचे नाहीतच. हे किती जणांच्या लक्षात आलं, तेही मोजावं.

लिस हार्टेल यांची गोष्टही अशीच तपासून घ्यावी. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या या डॅनिश महिलेने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक मिळवलं, आणि उपचारात्मक घोडेस्वारीच्या चळवळीला तिथून जोर आला. पराक्रम निर्विवाद आहे. पण त्या पोलिओ होण्यापूर्वीच कसलेल्या स्वार होत्या, हे वाक्य सांगताना बहुतेक वेळा गळतं. प्रेरणा देणारी गोष्ट आणि उपचाराचा पुरावा यांच्यात हे गळलेलं वाक्य असतं.

चांगली तुलना कशी असते तेही दाखवता येतं. २०१३ मध्ये मार्गुराइट ओहेअर आणि सहकाऱ्यांनी ९९ मुलांचे तिघा-तिघांचे गट केले, प्रत्येक गटात एक स्वमग्न मूल आणि त्याचे दोन वर्गमित्र. तेच गट एकदा खेळण्यांबरोबर आणि एकदा दोन गिनीपिगांबरोबर पाहिले. गिनीपिग असताना स्वमग्न मुलं जास्त बोलली, जास्त हसली, समोरच्याच्या चेहऱ्याकडे जास्त पाहिलं. इथे तुलना ‘काहीच नाही’शी नव्हती, दुसऱ्या आकर्षक गोष्टीशी होती, म्हणून निष्कर्षाला वजन आहे. तरीही मापलं गेलं ते त्या दहा मिनिटांतलं वागणं. ते घरी, पुढच्या महिन्यात, गिनीपिग नसताना टिकतं का हा प्रश्न वेगळा. आणखी एक अडचण कायमचीच: फितीत प्राणी दिसतोच, त्यामुळे नोंद करणाऱ्यापासून गट लपवता येत नाही. आणि ज्या प्रयोगात सगळ्या सत्रांना एकच कुत्रा होता, तिथे रुग्ण चाळीस असले तरी कुत्रा एकच. निष्कर्ष ‘कुत्र्यां’बद्दल काढायचा की त्या एका कुत्र्याबद्दल, हे विचारायला शिकवा. लाळेतल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे आकडेही लगेच मानू नयेत. कॉर्टिसॉल ताणाने वाढतं तसं आनंदाच्या उत्तेजनेनेही वाढतं, आणि लाळेत तो बदल दिसायला पंधरा-वीस मिनिटं जातात. सत्र संपल्या संपल्या नमुना घेतला, तर हाती येते ती सत्राच्या मधल्या भागाची हकिकत.

खरी कसोटी लागते ती प्रात्यक्षिकांच्या नियोजनात. हिशेब करून पाहू. वर्गात ४० विद्यार्थी आणि प्रत्येकाला कुत्र्याबरोबर सहा तासांचा सराव द्यायचा, तर २४० तास झाले. एका कुत्र्याकडून आठवड्यात तीन दिवस, दिवसाला अर्ध्या तासाची दोन सत्रं, याहून जास्त काम आम्ही घेऊ देणार नाही. म्हणजे आठवड्याला तीन तास, आणि पंधरा आठवड्यांत ४५. शिकवण्यासाठीच किमान सहा कुत्रे लागले. त्यात पहिले पाच आठवडे प्राणी आणायचाच नाही म्हटलं, तर आठ. प्रत्येकाबरोबर त्याचा ओळखीचा हॅन्डलर, प्रत्येकाला बसायला वेगळी शांत खोली. हा हिशेब न करता अभ्यासक्रम काढला की एकच स्वभावाने गरीब कुत्रा चाळीस अनोळखी हातांखालून जातो, आणि सेमिस्टरच्या शेवटी तो कशालाच प्रतिसाद देईनासा होतो. सगळे म्हणतात, किती समजूतदार झाला. कुत्र्याने सांगणं सोडून दिलंय, कारण सांगून उपयोग नाही हे तो शिकलाय. ज्यांना इतकी सोय करता येत नाही त्यांनी विषय सोडू नये, सराव बदलावा. पट्टा धरणं, पलंगाजवळ कोणत्या बाजूने जायचं, सलाइनची नळी आणि जखम टाळून प्राणी कुठे ठेवायचा, हे सगळं भरलेल्या कापडी कुत्र्यावर बारा-पंधरा वेळा गिरवता येतं. जिवंत कुत्र्याबरोबर तासभर मिळाला तरी पुरतो, जर तो तास कमावलेला असेल.

कमावलेल्या तासात पहिली गोष्ट शिकवावी ती तीन सेकंदांची चाचणी. प्राण्याला स्वतःहून जवळ येऊ द्या. छातीच्या किंवा खांद्याच्या बाजूने तीन सेकंद हात फिरवा, मग हात काढून मांडीवर ठेवा आणि थांबा. तो सरकून जवळ आला, नाकाने हात उचलला, तर पुढे चला. जागचा हलला नाही, मान फिरवली, ओठ चाटले, तर उत्तर मिळालं. ही चाचणी तीन मिनिटांत शिकता येते, आणि ती मुलालाही शिकवता येते. चुकतं ते हात काढल्यावर थांबण्यात. माणसं एका सेकंदात पुन्हा हात ठेवतात.

स्वच्छतेच्या बाबी थोडक्यात, कारण त्या निर्विवाद आहेत. भेटीच्या आधीच्या चोवीस तासांत आंघोळ, नखं कापून घासलेली, लसीकरण आणि जंतांची तपासणी पूर्ण. कच्चं मांस खाणारा कुत्रा रुग्णालयात नाही, कारण स्वतः ठणठणीत असतानाही तो विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरवू शकतो. प्राण्याला हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने हात स्वच्छ करायचे. बहुतेक ठिकाणी अल्कोहोलचं द्रावण चालतं, पण जुलाब घडवणाऱ्या क्लोस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवर त्याचा परिणाम होत नाही, तिथे साबण आणि पाणीच. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला कुत्र्याने चाटू नये. यांतला प्रत्येक नियम ‘का’सकट शिकवला तरच वॉर्डात पाळला जातो.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे: प्राण्याला या कामाला लावण्याचा हक्क आपल्याला दिला कोणी? तो संमती देत नाही, त्याला मोबदला कळत नाही, आणि काम नाकारण्याची सोय आपण ठेवली तरच असते. आम्ही हा आक्षेप मोडीत काढत नाही. काही प्राण्यांच्या बाबतीत, आणि काही ठिकाणी, तो पूर्ण खरा आहे. पण म्हणूनच हा विषय वर्गाबाहेर ठेवणं चुकीचं. प्राण्यांबरोबरचं हे काम विद्यापीठ शिकवो न शिकवो, रुग्णालयांत, शाळांत, वृद्धाश्रमांत चालूच आहे. ते करणाऱ्यांमध्ये कोणाला जांभई दिसते आणि कोणाला नाही, एवढाच फरक आपल्या हातात आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक आराखड्यात एक रकाना भरलाच पाहिजे: या सत्रातून या प्राण्याला काय मिळतं? आणि खाली दुसरा: तो निवृत्त कधी होणार, त्यानंतर राहणार कुठे, आणि ज्या रुग्णाला त्याचा लळा लागलाय त्याला हे कोण सांगणार? हा शेवटचा प्रश्न फार कमी आराखड्यांत दिसतो. दर बुधवारी येणारा कुत्रा एका बुधवारी येत नाही, आणि आधीच खूप काही गमावलेलं मूल दाराकडे बघत बसतं.

परीक्षा कशी घ्यावी, याबद्दल आमची सूचना ठाम आहे. लेखी परीक्षेत व्याख्या आणि संशोधन तपासावं. प्रात्यक्षिकात मात्र प्राणी आणू नये, परीक्षेच्या ताणात विद्यार्थी त्याला वाचूच शकणार नाही. आधी न दाखवलेली आठ मिनिटांची फीत लावावी. मूल मजेत आहे, बोलतंय, उद्दिष्टाच्या दिशेने चाललंय. चौथ्या मिनिटाला कुत्र्याचं तोंड मिटतं, जीभ दोनदा नाकाला लागते, डोळ्यांत चंद्रकोर दिसते, जांभई येते. उमेदवाराने फीत कुठे थांबवली आणि थांबवल्यावर त्या मुलाला उद्देशून पुढचं वाक्य काय उच्चारलं, या दोन गोष्टींना १०० पैकी ४० गुण असावेत. ‘तू जोरात दाबलंस म्हणून तो कंटाळला’ म्हणणाऱ्याचे गुण कापावेत, कारण त्याने कुत्र्याला सोडवलं पण मुलाला दोषी केलं. ‘मोतीने जांभई दिली, दिसली का तुला? तो म्हणतोय, मला जरा पाणी पिऊन पडायचंय. चल, आपण त्याची चटई नीट करू’ असं म्हणून जो मुलाला सोबत घेऊन उठतो, त्याला पूर्ण ४० द्यावेत.